मोबाईल घरातला, चावी कुणाकडे?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'घरातलं आणि ऑफिसातलं तंत्रज्ञान' असा ऐसपैस विषय दिला आहे. गेली बारा वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. माझी कंपनी नेमकं काय बनवते हे माझ्या नात्यात कुणालाच सांगता येणार नाही, अम्मीलाही नाही. पण पोरगा इंजिनिअर आहे एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे प्रिंटर अडला, गॅसची सबसिडी जमा झाली नाही, चाचांच्या फोनवर उर्दू उलटीसुलटी दिसायला लागली की फोन मलाच येतो. तुमच्यातले जे बीसीए, बीएस्सी, इंजिनिअरिंग करताहेत त्यांची गत वेगळी नसणार. ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नाही त्यांच्या घरीही एक 'मोबाईलवाला' मुलगा असतोच. मी आज त्या मुलाशी बोलणार आहे. एआयमुळे आपल्या नोकऱ्या जाणार का, यावर बोलणारे पुष्कळ आहेत, ते त्यांच्यावर सोडू.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी संपवतो: कुठला मोबाईल घेऊ? कॅमेरा, रंग, स्क्रीन तुमच्या आवडीचं बघा. मी फक्त एकच गोष्ट बघतो, ती म्हणजे कंपनी सुरक्षा-अपडेट किती वर्षं देणार. काही महागड्या फोनना आता सात वर्षांपर्यंत अपडेट मिळतात, स्वस्तातल्या अनेक फोनना दोन-चार वर्षंच. ज्या फोनला अपडेट येणं बंद झालंय त्याच्यावर युट्यूब बघा, पण बँकेचं अ‍ॅप ठेवू नका. सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्याआधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआय नंबर काढा आणि तो सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तपासा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला फोन असेल तर तिथे कळतं. झालं, पुढे जाऊ.

माझ्या घरी अस्रच्या दोन वेळा आहेत. अब्बा साताऱ्याचे, हनफी. अम्मी रत्नागिरीकडची, कोकणातल्या बहुतेकांसारखी शाफई. शाफई मतानुसार सावली वस्तूएवढी वाढली की अस्र सुरू होते, हनफी मतानुसार दुप्पट वाढली की. दोन्हीमध्ये आपल्याकडे ऋतूप्रमाणे पाऊण ते सव्वा तासाचा फरक पडतो. मला फोन यायला लागले ते यावरूनच, 'माझं अ‍ॅप चुकीची वेळ दाखवतंय, मशिदीची वेळ वेगळी आहे.' अ‍ॅप चुकीचं नसतं, त्याच्या सेटिंगमध्ये दुसरा मसलक निवडलेला असतो. पण या निमित्ताने मी दहा-बारा नातेवाइकांच्या फोनमधली नमाजच्या वेळांची अ‍ॅप उघडून पाहिली, आणि मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. जवळजवळ सगळ्यांना चोवीस तास लोकेशनची परवानगी दिलेली होती.

आता यामागचं गणित बघा. नमाजची वेळ काढायला काय लागतं? तारीख, गावाचे अक्षांश-रेखांश आणि सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर आहे त्याचा नियम. फज्रसाठी आपल्याकडे बहुधा १८ अंश धरतात. एवढं दिलं की बाकी त्रिकोणमिती आहे, बारावीच्या पातळीची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा हा प्रोग्राम दोन दिवसांत लिहील. सूर्य दरवर्षी त्याच तारखेला जवळपास त्याच जागी येतो, म्हणून तर मशिदीच्या भिंतीवरचं दायमी वेळापत्रक एकदा छापलं की वर्षानुवर्षं चालतं. त्या कागदाला तुम्ही आत्ता भाजी घेताय की दवाखान्यात आहात हे कधी विचारावं लागलं नाही. किब्ल्याचंही तेच. मुंबईहून किब्ला उत्तरेपासून सुमारे २८० अंशांवर आहे, पुण्याहून २८१. म्हणजे पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. तो उद्याही तिथेच असणार आहे.

मग अ‍ॅपला तुमचं क्षणाक्षणाचं ठिकाण कशाला लागतं? नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी नियतकालिकाने याचं एक उत्तर छापलं. 'मुस्लिम प्रो' हे अ‍ॅप तेव्हा ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालेलं होतं. त्यातून वापरणाऱ्यांचं लोकेशन 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होतं, आणि ती कंपनी असा डेटा अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांना विकत होती. बातमी आल्यावर अ‍ॅपने हा व्यवहार थांबवल्याचं जाहीर केलं. डिसेंबरमध्ये अ‍ॅपल आणि गूगलने अ‍ॅप बनवणाऱ्यांना एक्स-मोडचा कोड काढून टाकायला सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये 'सलात फर्स्ट' या दुसऱ्या अ‍ॅपबद्दल तशीच बातमी आली, तिथे डेटा घेणारी कंपनी वेगळी होती. आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोडला लोकांचं संवेदनशील लोकेशन विकायला मनाई केली. दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा जागा त्यात येतात.

हे ऐकून काही जण लगेच म्हणतील, बघा, मुसलमानांवर पाळत. थोडं थांबा. तोच कोड पावलं मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये होता, वादळाचा अंदाज सांगणाऱ्या अ‍ॅपमध्येही होता. हा आधी धंदा आहे. तो कसा चालतो ते मी रोज जवळून बघतो म्हणून सांगतो. अ‍ॅप लिहिताना आम्ही सगळं स्वतः लिहीत नाही. नकाशा, पेमेंट, जाहिरात, क्रॅश झाला तर त्याची नोंद, यासाठी दुसऱ्यांनी तयार केलेली कोडची पाकिटं आणून जोडतो. त्याला एसडीके म्हणतात. बहुतेक पाकिटं कामाची असतात. काहींचे बनवणारे उलट अ‍ॅपवाल्यालाच पैसे देतात, 'आमचं एवढं पाकीट तुमच्या अ‍ॅपमध्ये ठेवा' म्हणून. एकदा ते आत गेलं की अ‍ॅपला दिलेली परवानगी त्यालाही मिळते. अ‍ॅप वेळ दाखवायला लोकेशन मागतं, पाकीट तेच लोकेशन परस्पर घरी पाठवतं. स्क्रीनवर तुम्हाला यातलं काहीही दिसत नाही. टीममध्ये एखाद्याने 'हे पाकीट आणखी काय काय पाठवतं?' असं विचारलं तर तपासलं जातं. पण रिलीजची तारीख डोक्यावर असताना हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, हे तुम्हाला कुठल्याही कंपनीतला माणूस चहा पिताना सांगेल.

म्हणून मी अ‍ॅप टाकताना एकच प्रश्न विचारतो: हे काम करायला याला हे लागतं का? टॅक्सीच्या अ‍ॅपला लोकेशन लागतं, द्या, पण 'अ‍ॅप वापरत असताना' एवढंच. अँड्रॉइड १२ पासून अचूक ठिकाणाऐवजी 'अंदाजे' असा पर्यायही आहे, हवामानाला तो पुरतो. नमाजच्या अ‍ॅपमध्ये गावाचं नाव हाताने निवडा, मसलक निवडा आणि लोकेशन बंद करा. हाताने गाव निवडू देत नसेल तर ते अ‍ॅप काढा, दुसरी शंभर आहेत. कॅल्क्युलेटर, टॉर्च, कीबोर्डच्या थीम यांना तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टशी काय देणंघेणं?

कॉन्टॅक्ट लिस्टवरून आठवलं, झटपट कर्ज देणारी अ‍ॅप. सूद हराम म्हणून आयुष्यभर बँकेची पायरी न चढलेल्या घरातला मुलगा रात्री दोन वाजता फोनवरून सात दिवसांचं कर्ज घेतो, कारण कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. हप्ता चुकला की त्याच्या फुफीला, शिक्षकांना, होणाऱ्या सासऱ्यांना फोन जातात, फोटोत छेडछाड करून पाठवले जातात. हे सगळं त्या एका परवानगीच्या जोरावर चालायचं. २०२३ पासून गूगलने प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या अ‍ॅपना कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायला बंदी केली आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून फाइल उतरवून टाकलेल्या अ‍ॅपला ती बंदी कोण लावणार? अशी फाइल कधीच टाकू नका. आणि कुणी अडकलं असेल तर त्याला आधी घरातल्या एका माणसाला सांगायला लावा. त्या धमकीत दम येतो तो लपवण्यामुळे. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरातच करा, उशीर झाला की पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकलेले असतात.

आता घरात येतो, जिथे मला जास्त बोलायचं आहे.

घरातल्या त्या मोबाईलवाल्या मुलाकडे बघा. अब्बांचं ईमेल त्यानेच उघडलेलं, पासवर्ड त्यालाच माहीत. अम्मीच्या फोनमधलं सिम त्याच्या नावावर, तिच्या यूपीआयचा पिन त्याने ठरवलेला, बहुधा स्वतःच्या जन्मसालाचा. बहिणीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मवर मोबाईल नंबर त्याचा. वीजबिल, गॅस, विमा, सगळ्यांचा ओटीपी त्याच्या फोनवर. तो हे सगळं प्रेमाने करतो, घरच्यांची सोय बघतो. आणि मग तो सौदीला नोकरीला जातो. सिम रिचार्ज न झाल्यामुळे बंद पडतं, काही महिन्यांनी तोच नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देते. घरात कुणालाच काही उघडता येत नाही.

आमच्या इमारतीतल्या एक बाजी आहेत. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचे शोहर गेले. फोन बोटाच्या ठशाने उघडणारा, पिन कुणालाच माहीत नाही. विम्याचा कागद ईमेलमध्ये, ईमेल फोनमध्ये. कुठल्या बँकेत किती खाती हे शोधायला त्यांना कपाटातल्या जुन्या पासबुकांवरून सुरुवात करावी लागली. इद्दतीचे दिवस चालू असताना त्यांचा भाऊ एकेका शाखेत जाऊन विचारत होता. त्या मॅट्रिक पास आहेत, हिशेबाला पक्क्या आहेत, मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी त्याच चालवतात. घरातला पैसा कुठे आहे हे त्यांना समजलं नसतं असं नव्हतं. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून अम्मीचा फोन तुम्ही लावून देत असाल तर एक पथ्य पाळा. सिम तिच्या नावावर घ्या, आणि पिन टाकायची वेळ आली की फोन तिच्या हातात देऊन तोंड फिरवा. बँकेच्या एटीएमसमोर माणूस मागे सरकून उभा राहतो ना, तसं. यूपीआयचा पिन तिने ठरवायचा, तिने लक्षात ठेवायचा. तिला तीन गोष्टी मात्र समजावून सांगा. पैसे पाठवायला पिन लागतो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ओटीपी मागणारा माणूस बँकेचा नसतो. आणि व्हिडिओ कॉलवर अटक करणारं पोलीस खातं या देशात नाही, समोरच्याने वर्दी घातली असली तरी. हे उर्दूत, दखनीत, कोकणीत, ज्या भाषेत ती तुम्हाला रागावते त्या भाषेत सांगा. इंग्रजी शब्दांचा मारा केलात की ती मान डोलावते आणि पुढच्या वेळी पुन्हा फोन तुमच्याच हातात देते.

'ती विसरली तर?' असं मुलं विचारतात. वहीत लिहू द्या. आमच्या व्यवसायातल्या काही लोकांना हे ऐकून फेफरं येईल, पण माझं मत ठाम आहे. तुमचा पासवर्ड चोरणारा झारखंडात किंवा कंबोडियात बसलेला असतो. त्याला तुमच्या घरातलं लोखंडी कपाट उघडता येत नाही. साठीच्या माणसाने सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे पासवर्ड वहीत लिहून वही दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवणं केव्हाही चांगलं. तुम्ही तरुण आहात, तुम्ही पासवर्ड मॅनेजर वापरा. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात, त्यामुळे ईमेल गेलं की सगळं गेलं. आणि त्या वहीत शेवटच्या पानावर खाती, विमा, कुणाचं देणं-घेणं हेही असू द्या, आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या, त्यात एक बाई असावी.

याच चावीची दुसरी बाजू आहे. गेल्या वर्षी एका नातेवाइकांनी मला बाजूला घेतलं. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकते. म्हणाले, 'बेटा, तिच्या मोबाईलमध्ये असं काही टाकून दे की ती कुठे आहे, कुणाशी बोलते, मला इथे दिसलं पाहिजे. तिला कळता कामा नये.' मी नाही म्हटलं. ते नाराज झाले, दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. मी त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. असं छुपं अ‍ॅप टाकलं की मुलीचे मेसेज, फोटो, ठावठिकाणा आधी त्या अ‍ॅपवाल्याच्या सर्व्हरवर जातो, मग तुम्हाला दिसतो. म्हणजे बापाने काळजीपोटी मुलीची प्रत्येक हालचाल एका अनोळखी कंपनीच्या हवाली केली. ही झाली तांत्रिक बाजू, आणि इंजिनिअर म्हणून ती सांगणं मला सोपं जातं. अवघड बाजू अशी की एकोणीस वर्षांच्या मुलीला कळेलच. आजच्या मुली तुमच्या-माझ्यापेक्षा फोन चांगला जाणतात. त्यानंतर ती खरी अडचणीत सापडेल तेव्हा बापाला फोन करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सरकारविरुद्ध आपण तो निकाल मोठ्याने सांगतो. घरात बहिणीच्या फोनचा पिन मागताना तो आठवत नाही.

इथे बसलेल्या मुलींनो, आज रात्री एक काम करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तुमच्या ओळखीचा नसलेला कुठला कॉम्प्युटर तिथे दिसला तर लॉग आउट करा. गूगल मॅपमध्ये लोकेशन शेअरिंग कुणाला चालू आहे ते बघा. ते तुम्ही स्वतःहून मैत्रिणीला किंवा भावाला, रात्री उशिरा रिक्षाने येताना तासाभरासाठी दिलेलं असेल तर छान आहे, मीही माझ्या बायकोला देतो. न विचारता चालू केलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता नावं. हा विषय ऐकायला कंटाळवाणा आहे, पण आपल्या लोकांचं जितकं नुकसान याने होतं तितकं व्हायरसने होत नाही.

कॉम्प्युटर दोन नावं जुळवतो तेव्हा तो माणूस ओळखत नाही, अक्षरं मोजतो. तुम्हाला 'मोहम्मद' आणि 'मोहम्मद' एकच वाटतात, पण रोमन लिपीत एकीकडे शेवटी ए-डी असतं, दुसरीकडे ई-डी, तिसरीकडे नुसतं एम-ओ-एच-डी, चौथीकडे एम-डी आणि टिंब. शेखचं स्पेलिंग आधारवर एस-एच-ई-आय-के-एच आणि पॅनवर एस-एच-ए-आय-के-एच. मूळ नाव अरबी-उर्दूतलं, जन्मनोंद मराठीत, शाळेचा दाखला मराठी किंवा उर्दूत, बाकी सगळं इंग्रजीत. प्रत्येक टप्प्यावर एका कारकुनाने कानाला वाटलं तसं लिहिलं. त्यात आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, त्यामुळे फॉर्म भरणाऱ्याने पहिलं नाव आणि आडनावाची अदलाबदल केलेली असते. बायकांचं आणखी वेगळं. एका कागदावर फातिमा, दुसऱ्यावर फातिमाबी, तिसऱ्यावर लग्नानंतरचं फातिमा अमुक शेख. ज्यांना आडनावच नाही त्यांच्यापुढे फॉर्म लाल अक्षरात 'हा रकाना आवश्यक आहे' म्हणून अडून बसतो. तो लाल तारा आमच्यासारख्याच कुणीतरी टाकलेला असतो, जगात प्रत्येकाला आडनाव असतं असं गृहीत धरून. एकच नाव असलेल्या माणसाला अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. आमच्या क्षेत्रात तिकडे गेलेल्या काहींना सहकारी सुरुवातीला त्याच नावाने हाक मारायचे. हसू येतं, पण २०२३ मध्ये पॅन आणि आधार जोडण्याच्या वेळी हसू आलं नाही. ३० जूनपर्यंत न जोडलेली पॅनकार्डं १ जुलैपासून निष्क्रिय झाली, आणि नाव जुळत नसल्याने रांगेत उभे राहिलेले किती तरी लोक मी पाहिले.

तर कॉलेजात असतानाच हे उरका. एक स्पेलिंग ठरवा. माझा सल्ला, दहावीच्या मार्कशीटवरचं धरा, कारण ते बदलणं सगळ्यात जिकिरीचं. मग आधार, पॅन, बँक, मतदार ओळखपत्र त्याच्याशी जुळवा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून सायबर कॅफेवाल्याला 'बघ काय ते' सांगून निघून येऊ नका, सबमिट करण्याआधी स्क्रीन स्वतः वाचा. मोठा बदल असेल तर राज्य सरकारच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करता येतो, तो अर्ज ऑनलाइन होतो. आणि आईवडिलांचे कागद एकदा एकत्र टेबलावर मांडून नावं वाचा. दुपार जाईल. तुमच्या अब्बांच्या नावाची चार स्पेलिंगं निघतील.

एक गोष्ट आपल्या संस्थांबद्दल, आणि ही थोडी टोचेल.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा आपल्यातले बरेच जण मदतीला गेले, मीही होतो. सगळ्या जातीधर्मांची मुलं गाळ काढत होती, काम चांगलं झालं. त्याच काळात एका गटाने मदत वाटपासाठी याद्या केल्या. त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, मोबाईल, आधारकार्डाचा फोटो, बँक खातं, आणि एका रकान्यात 'विधवा/परित्यक्ता'. ती एक्सेल फाइल दोन-अडीचशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. पूर ओसरला. फाइल त्या सगळ्या फोनांमध्ये आजही असेल. एकट्या राहणाऱ्या बायकांची नावं, पत्ते आणि नंबर, एका यादीत, तयार.

सरकार आणि कंपन्या आपला डेटा गोळा करतात म्हणून आपण सभा घेतो. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला, त्यावर चर्चासत्रं होतात. आणि आपली झकात वाटपाची, शिष्यवृत्तीची, वधू-वर मेळाव्याची यादी आपण कुणालाही फॉरवर्ड करतो. या शिबिराच्या नोंदणीच्या फॉर्ममध्येही जन्मतारीख होती. संयोजकांना मी काल विचारलं, ती कशाला? 'फॉर्ममध्ये आधीपासूनच होती' असं उत्तर आलं. ते प्रामाणिक आहेत, म्हणून चारचौघांत सांगतोय. जी माहिती लागत नाही ती विचारू नका. आधारची गरजच असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. यादी दोन-तीन जणांपुरती ठेवा, आणि काम संपल्यावर ती पुसायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका, तारीख ठरवून. हिशेबासाठी ज्या पावत्या ठेवाव्या लागतात त्या वेगळ्या, त्या ठेवा.

ऑफिसबद्दल थोडक्यात, कारण तुमच्यातले अनेक लवकरच नोकरीला लागतील. ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसचा असतो. त्यावर लग्नाचे फोटो, पासपोर्टचं स्कॅन, दुसऱ्या नोकरीसाठीचा बायोडेटा ठेवू नका. मंदी आली की सकाळी नऊला मीटिंग होते आणि सव्वानऊला लॅपटॉप दुरूनच लॉक होतो. माझ्या ओळखीच्या एकाचे मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो असेच अडकले, परत मिळाले नाहीत. आणि चॅटबॉटमध्ये ऑफिसचा कोड किंवा ग्राहकाची माहिती चिकटवण्याआधी कंपनीचा नियम वाचा. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला, त्यानंतर कंपनीने अशा साधनांवर बंदी आणली. तुम्ही नवे असाल तर कंपनी बंदी आणत बसणार नाही, तुम्हालाच काढेल.

बोलायचं अजून बरंच आहे, पण जेवणाची वेळ झाली आहे आणि मागून खुणा सुरू झाल्या आहेत. जेवणानंतर मी मागच्या टेबलावर बसतो. ज्यांना आपल्या फोनमधल्या परवानग्या तपासायच्या असतील किंवा संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम निघाली आहेत ते बघायचं असेल त्यांनी या. एका माणसाच्या नावावर नऊ सिम असू शकतात, त्यामुळे एखादं अनोळखी निघालं तर तिथल्या तिथे 'माझं नाही' म्हणून कळवता येतं. फोन तुम्हीच हातात धरा, मी फक्त कुठे दाबायचं ते सांगेन. पिन मला सांगू नका.